पाचव्या प्रश्नाचं उत्तर

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं म्हणे. त्या तासाला मी बहुतेक भिंतीवरून उडी मारून गेले असणार. तेव्हा नुसता नमस्कार.

ताईचं पाकीट मिळालं. मी ज्या खाणावळीत भांडी घासते तिथल्या मालकिणीने ते आधी स्वतः उघडून वाचलं आणि मग मला दिलं. म्हणाली, "तुझे वडील गिरणीतून निवृत्त होतायत आणि इथे राहायला यायचं म्हणतायत. तू तर सांगितलं होतंस तुला कोणी नाही."

मी म्हटलं, "नव्हतेच. आत्ता पाकिटातून निघाले."

मासिकातलं कात्रण बघितलं. ‘निवृत्तांसाठी दहा शांत शहरं.’ त्यात या शहराचा नंबर तिसरा. आणि तुमची बिनकामाची मुलगी नेमकी तिथेच पाच आठवडे पडलेली, म्हणजे तुमचं नशीब म्हणायचं की माझं, कोण जाणे. सोबत तुमचं तपासणीपत्रक. गिरणीत कापडातले दोष लिहायचं छापील पत्रक, त्यातला ‘दोष’ खोडून तुम्ही ‘प्रश्न’ लिहिलंय. चार वर्षांत मुलीला पहिला कागद, आणि त्यावर एक ते सात आकडे. ‘कशी आहेस’ हा आठवा घातला असतात तर कागद फाटला नसता.

फोनवर पाच मिनिटांत उरकलं असतं. पण बत्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या तुमच्या कानांना फोन ऐकू येत नाही, आणि माझे ओठ तारेतून दिसत नाहीत. म्हणून हे लिहिणं. माझं अक्षर तुम्हाला आठवत असेलच, त्यात सुधारणा नाही.

१. दवाखाना. आहे.

२. चढ-उतार, आईच्या गुडघ्यांसाठी. थोडा आहे.

३. पाणी. भरपूर.

४. लोखंड गंजतं का. गंजतं. खाणावळीची सायकल आहे, तिला मी हात लावला तर घंटीच हातात आली. मालकीण म्हणाली मोडलीस, मी म्हटलं मोडली नाही, पिकून पडली. त्यावरून जे भांडण झालं त्यात भाजी करपली. पण ते राहू दे.

५. शांतता. हे मात्र मी नीट सांगू शकते, कारण हिनेच मला वेड लागायची पाळी आली आहे. इथे बसचा ड्रायव्हर उतारावर इंजिन बंद करतो आणि बस नुसती घरंगळत गावात आणतो. लोक चिडू नयेत म्हणून. दुपारी दोन वाजता रस्त्यावरून मांजर गेलं तरी तीन खिडक्यांतून माणसं बघतात. निम्म्या घरांच्या खिडक्या बंद, उरलेल्यांत म्हातारी माणसं, आणि दोघं म्हातारे भेटले तरी असे बोलतात जणू शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे. समुद्र आहे, पण पुढे दगडी बांध घातलाय, त्यामुळे लाटा नाहीत. समुद्रसुद्धा इथे चपला हातात घेऊन येतो. काल माझ्या हातून एक पातेलं पडलं तर बाहेर बसलेली पाचही गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. तुम्हाला हवी तशी शांतता आहे बाबा. दहापैकी दहा.

६. शेजार. वरच्यातच आलं.

७. टेकडीच्या गल्लीतलं औषधवाल्याचं घर. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावरून पाणी दिसतं. घरदलालाने ताईला जे कळवलंय ते खरं आहे. छान आहे. घ्या.

झालं. पुढच्या सोमवारनंतर इथे मला लिहू नका. एक मालवाहू बोट दक्षिणेला जातेय, तिच्यावर स्वयंपाकाला माणूस हवंय, मी हो म्हटलंय. तुम्ही याल तेव्हा मी नसेन, तेव्हा त्याचीही काळजी नको.

भिंगरी

(हे नाव आईने ठेवलेलं. ती अजून घेते का, हे ताईला विचारायचं राहिलं.)


मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाबा,

बोट गेली नाही. इंजिनाचा कुठलासा भाग यायचाय. मी रोज धक्क्यावर जाऊन कप्तानाला विचारते, तो रोज म्हणतो उद्या. पायाखाली मुंग्या असल्यासारखं झालंय.

तुमचं उत्तर आलं. चार ओळी. ‘अहवाल मिळाला. एक ते चार न बघता लिहिलेलं दिसतं. पाचवं बघून लिहिलं आहे. अठ्ठावीस तारखेला इथलं घर सोडल्याच्या कागदावर सही आणि तिथली अनामत, दोन्ही एकाच दिवशी करणार, तोवर एक ते चार पुन्हा बघ.’

कबूल. नाही बघितलं. टेकडीवरची ती गल्लीसुद्धा मी खालून, मान वर करून बघितली होती. तुम्हाला चारशे मैलांवरून कसं कळलं? अठ्ठेचाळीस मागांत कुठल्या मागाचं सूत तुटलं ते तुम्ही पाठ फिरवून ओळखायचात, असं गिरणीतले लोक सांगायचे. मला वाटायचं जॉबरला खूश ठेवण्यासाठी सांगतात. मागांची दुरुस्ती ज्याच्या हातात त्याची तारीफ कोण नाही करणार?

तर आता बघून लिहिते.

दवाखाना आहे, पण डॉक्टर मंगळवार आणि शुक्रवार येतो. इतर दिवशी कंपाउंडर. मी त्याला विचारलं, "बुधवारी कोणाच्या छातीत दुखलं तर?"

तो म्हणाला, "इथल्या लोकांना माहीत आहे. बुधवारी दुखत नाही."

चढ: टेकडीच्या गल्लीला चौसष्ट पायऱ्या आहेत. मोजल्या. एका आजीच्या मागून चढले, ती दर दहा पायऱ्यांना थांबून मला म्हणायची, "तू हो पुढे," आणि मी पुढे झाले की म्हणायची, "एवढी घाई कसली!" वर पोचल्यावर तिने सांगितलं की गेल्या सहा महिन्यांत ती खाली उतरलेली नव्हती, आज कशी उतरले तेच कळत नाही. आईच्या गुडघ्यांचा विचार करा. पाणी वर सकाळी पाऊण तास येतं. खाली दिवसभर असतं. मी ‘भरपूर’ लिहिलं ते खाणावळीतल्या नळाकडे बघून.

घराची किल्ली घेऊन दलाल आला होता. बारीक माणूस, बोलताना सारखा खिशातली छत्री चाचपतो. खिशातली म्हणजे घडीची. आत गेलो, त्याने दार लावलं आणि बोट वर करून म्हणाला, "ऐका."

मी म्हटलं, "काय ऐकू?"

"हेच. काही नाही ना?"

खरंच काही नव्हतं. मला माझ्या पोटातलं ऐकू येत होतं. मी दोन मिनिटांत बाहेर पळाले. पण माझं काय, मला कुठलंच घर दोन मिनिटांपेक्षा जास्त सोसत नाही, हे आईचं म्हणणं. तुमच्यावर गेलेय, असंही तिचंच म्हणणं. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाला की तुम्ही चपला घालायचात ते संध्याकाळीच परत.

एक गंमत सांगायची राहिली. त्या गल्लीत शेवटच्या घरात एक आजोबा राहतात, त्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. दलाल म्हणाला, "तेवढा एक त्रास आहे, पण शेजाऱ्यांनी अर्ज केलाय, महिनाभरात त्यांना हलवतील." आज दुपारी तेच आजोबा खाणावळीत आले. मालकीण मला म्हणाली, "ठार बहिरा आहे, बोटाने दाखवेल ते दे." आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड मोठं उघडून, अजिबात आवाज न काढता, ओठांनी म्हणाले, चहा, साखर कमी. आणि हातावर हात आडवा घासला. म्हणजे लवकर.

मी त्याच भाषेत म्हटलं, बसा, आणते.

तुम्ही जेवताना आम्हाला शिकवलेली ती भाषा, बाबा. मागखात्यातली. मीठ दे, पोळी नको, गप्प बस. सगळं ओठांनी. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मालकीण मला विचारत होती, "काय शिवी दिलीस त्याला?"

उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. बोट उद्याच निघाली तर नाही.

भिंगरी


सोमवार, १७ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र मिळाल्यावर पहिलं काम: अनामत पाठवू नका. घर सोडायच्या कागदावर सही करू नका. कारण खाली आहे. मला सरळ लिहिता येत नाही, वाकडं होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

आजोबांच्या घरी गेले. ते सव्वीस वर्षं विणकर होते, आपल्या नव्हे, दुसऱ्याच शहरातल्या गिरणीत. दारातूनच कळलं त्यांना ‘रेडिओ’ का म्हणतात. छताचा पंखा चालू, टेबलाचा पंखा चालू, आणि रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावलेला, नुसती खरखर. मोरीत नळाखाली बादली, सकाळचं पाणी असतं तेवढा वेळ त्यात धार सोडलेली. थंडीत पंखे! मी स्वेटर घट्ट ओढून बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

मी ओठांनी विचारलं, ऐकू तर येत नाही, मग हे कशाला?

ते म्हणाले, मोठं असलं की थोडं येतं. आणि हे ऐकायला नाही, ते झाकायला.

काय झाकायला?

त्यांनी कानापाशी बोट नेलं आणि गोल गोल फिरवलं. शिट्टी. किटली उकळते ना, तशी. गिरणीत लागली ती थांबलीच नाही. गिरणीत असताना कळत नाही, कारण माग तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. सुट्टीच्या दिवशी कळते. आणि निवृत्त झाल्यावर, पोरी, रोजच सुट्टी.

मुलाने त्यांना इथे आणून ठेवलं. सगळं आयुष्य गोंगाटात गेलं, आता शांतता मिळू दे, म्हणून. मुलगा चांगला आहे, म्हणाले. त्याला कसं सांगू? पहिल्या वर्षी बायको होती, ती रात्रंदिवस बडबड करायची, ते चालायचं. ती गेली तेव्हा मी रेडिओ आणला.

मग त्यांनी विचारलं, तू कोणाची?

मी म्हटलं, जॉबरची. अठ्ठेचाळीस मागांच्या.

ते म्हणाले, मग त्याचीही वाजत असणार.

मी म्हटलं, नाही नाही, त्यांना शांतता लागते. घरात टाचणी पडलेली चालत नाही.

त्यांनी विचारलं, असं तो म्हणाला?

बाबा, मी तिथून उठले आणि चौसष्ट पायऱ्या उतरून बांधावर गेले, बांधाच्या टोकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. तुम्ही कधी म्हणालात? मी आठवून बघतेय, पाच दिवस तेच करतेय. मला आई आठवते. तुमची सुट्टी म्हटली की आईचं बोट ओठांवर. पंखा बंद, का तर कुरकुरतो. उन्हाळ्यात आपण चौघं घामाने निथळत बसायचो. ताईचे पाढे मनातल्या मनात. भांडी तुम्ही बाहेर गेल्यावरच घासायची. शेजारची पोरं ओरडली तर आई खिडकीतून हात जोडायची. आणि तुम्ही खुर्चीवर बसलेले, जबडा आवळलेला, आणि अर्ध्या तासात उठून चालू पडायचात. लाकडाच्या वखारीसमोरच्या बाकावर. तिथे करवत चालते दिवसभर. आम्हाला वाटायचं तिथे तुमचा कोणी दोस्त आहे. आई म्हणायची, "अजून गप्प राहायला हवं होतं आपण." मग पुढच्या सुट्टीला आणखी गप्प.

मी मात्र वेगळंच समजून बसले. मला वाटलं तुम्हाला आम्हीच सोसत नाही.

आता तो दिवस. लिहायचा नव्हता, पण आता टाळला तर हे सगळं खोटं ठरेल. मी परीक्षेत दुसऱ्यांदा आपटले होते, तुमची सुट्टी होती, तुम्ही दारात चपला घालत होतात, आणि मी रेडिओचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. मुद्दाम. आई धावत आली. तुमच्या पाठीकडे बघून मी म्हटलं, हे घर नको असेल तर येऊच नका परत. ऐकू येणार नाही हे माहीत होतं म्हणून म्हटलं. आणि त्याच क्षणाला तुम्ही वळून बघितलंत. दुसऱ्या कोणाचा बाप वळला असता तर त्याला काही कळलं नसतं. तुम्ही माझे ओठ वाचलेत. काही न बोलता गेलात. संध्याकाळी तुम्ही परत यायच्या आत मी निघाले होते.

मला एवढंच सांगा: तुमच्या कानात वाजतं का?

वाजत असेल तर हे शहर म्हणजे तुमच्यासाठी शिक्षा आहे. पाचव्या प्रश्नाला मी दहापैकी दहा दिले, ते खोडा.

भिंगरी


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं काही आलं नाही. दिवसातून दोनदा पोस्टमनच्या मागे जाते, तो आता मला बघून गल्ली बदलतो.

शेवटी ताईला फोन केला. ती म्हणाली, "कसलं वाजणं? आपण एवढ्या एवढ्या होतो तेव्हापासून बाबांना शांतता लागते. चार वर्षं तोंड दाखवलं नाहीस आणि आता ठरलेलं मोडायला निघालीस?"

मी म्हटलं, "माझं पत्र पोचलं का?"

"पोचलं. बाबांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि बाहेर गेले."

"वखारीवर?"

"मला काय माहीत! मी त्यांच्या मागे फिरते का?"

"आईला दे."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज, मग कुजबुज. ताई परत येऊन म्हणाली, "कामात आहे." म्हणजे आई तिथेच उभी होती. मग मी विचारलं, आईला यायचंय का इथे? ताई म्हणाली, "आईला समुद्राचं काय! तिच्या मैत्रिणी इथे, बाजार इथे. पण बाबांना शांतता मिळेल म्हणून भांडी बांधायला लागलीये. दोन पेट्या झाल्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू खोटं बोलत नाहीस ना गं? तुझं काही सांगता येत नाही."

खरंच सांगता येत नाही. पहिल्या पत्रात चार उत्तरं मीच ठोकून दिली होती ना. आता खरं बोलतेय तर कोण ऐकणार?

बसवत नव्हतं म्हणून गाव पालथं घातलं. धक्क्याच्या मागे बर्फाचा कारखाना आहे. पहाटे पाचला यंत्र सुरू होतं ते संध्याकाळी सातपर्यंत, भिंतीला हात लावला तर दात वाजतात. पायरीवर कोण बसलं होतं? आपले रेडिओ आजोबा. डोळे मिटून, डोकं भिंतीला टेकून. कारखान्याला लागून दोन खोल्यांचं घर रिकामं आहे. एक पायरी. पाणी दिवसभर. बाजार हाकेच्या अंतरावर, म्हणजे हाक ऐकू आली तर. मी दलालाला विचारलं तर तो छत्रीच काढायला लागला. "तिथे? तिथे माणसं राहत नाहीत, तिथे बर्फ राहतो. चार वर्षं रिकामं आहे ते."

मी म्हटलं, "किल्ली द्या."

आत जाऊन अर्धा तास बसले. डोक्यात काहीच ऐकू येत नव्हतं, माझं स्वतःचंसुद्धा. मला जरा डुलकी लागली, बाबा. मला, दिवसाढवळ्या!

म्हणजे हे गाव नकोच असं नाही. की नकोच? आईचा बाजार, आईच्या मैत्रिणी. मला काही कळत नाही. बोटीचा भाग आला आहे. सोमवारी निघते म्हणतात.

उत्तर द्या. तुम्ही मला सात विचारलेत, माझ्या एकाच प्रश्नाचं द्या.

भिंगरी


सोमवार, २४ फेब्रुवारी

बाबा,

सकाळी तुमचं पत्र आलं. या वेळी पत्रकावर नाही, साध्या कागदावर. दोन पानं. तुमचं एवढं अक्षर मी कधी एका जागी बघितलं नव्हतं.

‘वाजतं. गिरणीत लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. आधी वाटलं सगळ्यांच्याच कानात वाजत असेल, विचारायचं काय त्यात. मग तुझी आई घरात गप्प राहायला लागली, माझ्यासाठी. ती एवढं करते आहे तर तिला कसं सांगणार की याने जास्त होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मग राहून गेलं.’

आणि दुसऱ्या पानावर: ‘त्या दिवशी रेडिओ मोठा लागला म्हणून वळलो होतो. बरं वाटलं म्हणून. म्हणणार होतो असू दे चालू.’

हे वाचून मी खाणावळीच्या मागे जाऊन बसले ते मालकीण शोधत येईपर्यंत. ती म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही. आहेत सगळे."

पण शेवट काय केलाय तुम्ही! ‘आईला यातलं काही कळू देऊ नकोस. तिने इतकी वर्षं माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं. ते फुकट होतं असं तिला या वयात कळायला नको. तिला समुद्र हवा आहे. टेकडीवरचंच घर नक्की करतो आहे. मला सवय आहे.’

तिला समुद्र हवा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिनेच ना? तिने तुमच्यासाठी सांगितलं. तुम्ही दोघं एकमेकांसाठी अशा घरात जाऊन बसणार आहात जे दोघांनाही नकोय. तिथे ती पाय न वाजवता चालणार आणि तुम्ही जबडा आवळून बसणार. आणि वखार नाही तिथे. बर्फाचा कारखाना चौसष्ट पायऱ्या खाली. आणखी वीस वर्षं जगलात तर वीस वर्षं.

सवय आहे म्हणे.

मी फोनवर सांगू शकत नाही, आई फोनवर येत नाही, आली तरी विश्वास ठेवणार नाही, आणि ताईने तर खोटं बोलतेस का म्हणून विचारूनच टाकलंय. माझ्या शब्दाला या घरात किंमत नाही हे मीच करून ठेवलंय. तुमच्या अक्षराला आहे.

तेव्हा मी काय करतेय ते सांगते. लपवून करत नाही. तुमची दोन्ही पानं याच पाकिटात घातली आहेत. आणि पाकिटावर तुमचं नाव नाही, आईचं आहे. बसचा ड्रायव्हर, तोच, उतारावर इंजिन बंद करणारा, त्याचा भाऊ तुमच्या बाजूची गाडी चालवतो. तो बुधवारी सकाळी आईच्या हातात देईल. पोस्टाने नाही, खिडकीतूनही नाही, हातात. तुम्ही मला भरवशाने सांगितलंत आणि मी ते मोडलं. चिडा. चार वर्षं तुम्ही माझ्यावर चिडलाच नव्हतात, हे मला आज कळलं. आता कारण आहे.

बोट दुपारी गेली. कप्तान शेवटपर्यंत हाका मारत होता. मी धक्क्यावर उभी राहून हात हलवला, आणि मग काय करायचं ते सुचेना म्हणून चालत राहिले. अजून पाय थांबत नाहीत. पण गावाच्या बाहेर गेले नाही. बर्फाच्या कारखान्याजवळच्या घराची किल्ली अठ्ठावीसपर्यंत माझ्याकडे आहे. घ्याच असं मी म्हणत नाही. आईला बाजार सोडायचा नसेल तर तिथेच राहा, मी येते. माझं घ्या म्हणणं एकदा ऐकलंत, तेवढं पुरे.

आता आई, तुझ्याशी.

आई, तू हे इथपर्यंत वाचलंस म्हणजे बाबांची पानं आधी वाचली असशील. नसतील तर आधी ती वाच. मी थांबते.

तुझं काही फुकट गेलेलं नाही. ते इतकी वर्षं बोलले नाहीत कारण तू त्यांच्यासाठी काय करत होतीस ते त्यांना दिसत होतं. एवढंच मला कळतं, यापुढचं तुम्हा दोघांचं तुम्ही बघा. मला शिव्या द्यायच्या असतील तर खाणावळीच्या पत्त्यावर दे, मालकीण आधी वाचेल, तिचीही करमणूक होईल.

बुधवारी त्यांची दुसरी पाळी असते, दुपारची, म्हणजे सकाळी ते घरी असतील, तुझ्या समोरच बसलेले असतील, आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलंही असेल. ते आता उठतील. चपलांकडे बघतील. वखारीवर जाऊन येतो म्हणतील.

जाऊ देऊ नकोस. समोर बस, दिवा लाव म्हणजे तुझे ओठ नीट दिसतील, आणि मोठ्याने विचार, शांतता हवी आहे का.

भिंगरी